नीलम आणि आबांचे चाक

दादाने चहाचा कप डाव्या हाताने घेतला, तेव्हाच मला संशय आला. 2019 सालचा मार्च महिना होता. रविवारची संध्याकाळ. दादा आणि वहिनी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून आमच्या अंबरनाथच्या घरी आले होते. दादाचा उजवा हात खिशातून बाहेरच येत नव्हता.

"हाताला काय लागलं का रे दादा?" मी विचारले.

वहिनी खाली बघू लागली. दादाने मग हात बाहेर काढला. मधल्या बोटात चांदीची जाड अंगठी आणि तिच्यात निळाभोर खडा.

"नीलम आहे," तो म्हणाला. "साडेसाती चालू आहे माझी. सव्वापाच रत्तीचा घालायला सांगितलाय."

आमच्या बाहेरच्या खोलीत भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. दादा नेमका त्या तसबिरीखाली बसला होता. मला राग आवरला नाही. "बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून शनीचा खडा दाखवतोस? आईने आपल्याला हेच शिकवलं का?" असे मी माझ्या मुलांसमोर, वहिनीसमोर बोलून गेले. दादाने कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "चल," एवढेच तो वहिनीला म्हणाला आणि दोघे निघून गेले. 14 एप्रिलला आमच्याकडे सगळे जमतात. त्या वर्षी दादा आला नाही.

वाचकहो, माझे बोलणे खोटे नव्हते, पण बोलायची रीत चुकली. दादाच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. तो जीन्सच्या धंद्यात होता. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये घरोघर जीन्स शिवल्या जात आणि त्या धुण्याचे, रंग उडवण्याचे कारखाने तिथेच होते. त्यांचे निळे पाणी वालधुनीत जाई. प्रदूषणाच्या प्रकरणात 2018 मध्ये धुण्याचे कारखाने बंद झाले आणि दादासारखी हजारो माणसे घरी बसली. सहा महिने तो नाक्यावर उभा राहत होता. पन्नाशीच्या माणसाला नाक्यावर कोण नेतो? तशात कोणीतरी त्याला एका दुकानात नेले. तिथेच ज्योतिषी बसतो, तिथेच खडे मिळतात. खड्याची किंमत 22 हजार रुपये. वहिनीची कानातली सोन्याची फुले गहाण ठेवून 10 हजार रोख दिले, बाकीचे महिना 2 हजारांच्या सहा हप्त्यांनी. नीलम मानवतो की नाही हे पाहायला तीन रात्री उशीखाली ठेवायचा असतो म्हणे. वाईट स्वप्न पडले तर परत करायचा. दादाने ठेवला. "डासांनी झोपूच दिलं नाही, तर स्वप्न कुठलं पडणार?" असे वहिनीने मला नंतर सांगितले.

मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. खड्यांची चार अक्षरे आमच्या घरात कोणाला येत असतील, तर ती मला. आणि दादाने मलाच विचारले नव्हते.

1992 साली मी अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांच्या एका कारखान्यात लागले. चोवीस वर्षे काम केले. पहाटेची अंबरनाथ लोकल, घाटकोपरला उतरून बस. मेट्रो 2014 मध्ये आली, तोवर गुडघे गेले होते. काम खडे निवडण्याचे. पांढऱ्या कागदावर पुडी उघडायची, चिमट्याने एकेक खडा उचलायचा, दहापटीच्या भिंगातून बघायचा आणि रंगाप्रमाणे, डागाप्रमाणे वेगळा काढायचा. सुटीच्या वेळी बायकांची झडती होई. नखेसुद्धा बघत. बाकांखालची धूळ झाडून ठेवत, कारण तिच्यातूनही सोने निघते. आमच्याकडे नवरत्नांचे लोलकही बनत. माणिक सूर्याचे, मोती चंद्राचा, पोवळे मंगळाचे, पाचू बुधाचा, पुष्कराज गुरूचा, हिरा शुक्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा आणि लसण्या केतूचा. ते लोलक घालणाऱ्या लोकांच्या श्रद्धेवर माझी चूल पेटत होती. दादाला तोडून बोलताना हे मी सोयीस्कर विसरले होते.

दगडांशी आमच्या घराचा संबंध मात्र त्याहून जुना आहे. मी लहान असताना आम्ही बदलापूरला राहत होतो. आई खाणीवर खडी फोडायला जायची. मजुरी ब्रासवर. कधी एखादा काळा धोंडा फुटला की आत पोकळी निघे आणि त्या पोकळीत पांढरे, काचेसारखे लखलखणारे स्फटिक दाटीने उभे असत. आई तसा एखादा तुकडा पदरात घालून आणायची. आम्ही त्याला गारगोटीच म्हणायचो. खऱ्या गारगोट्या वेगळ्या, त्या आम्ही ओढ्यातून वेचायचो. रात्री अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आतून पिवळसर उजेड पडे आणि जळका वास येई. दादाला ते फार आवडे. गोधडीत तोंड घालून आम्ही दोघे गारगोट्या घासत बसायचो.

आईच्या त्या पांढऱ्या स्फटिकांची नावे मला सीप्झमध्ये गेल्यावर कळली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर तप्त लाव्हाचे थरावर थर पसरले. त्याचाच हा काळा कातळ. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजांचे पाणी झिरपले आणि हळूहळू स्फटिक बनले. याच काळ्या दगडातून 1060 साली अंबरनाथचे शिवमंदिर घडवले गेले आणि याच दगडाची खडी होऊन आपल्या रस्त्यांवर पडते. बदलापूर-कर्जतवरून पुण्याकडे जाणारी रेल्वे बोरघाटात चढवली ती 1863 मध्ये पुरी झाली. तो घाट फोडताना असे स्फटिक निघाले. पुढे महाराष्ट्रातले हे स्फटिक देशोदेशींच्या संग्रहालयांत जाऊन बसले. सिन्नरला गारगोटी नावाचे एक संग्रहालयच आहे. तिथे मी मुलांना घेऊन गेले होते. काचेमागे, दिव्याखाली ठेवलेला एक तुकडा पाहून मला आई आठवली. तसाच तुकडा आमच्या खिडकीत पंधरा वर्षे पडून होता. घर बदलताना तो हरवला. हे स्फटिक नवरत्नांत नाहीत. ते मऊ असतात, अंगठीत टिकत नाहीत. शिवाय ते इथे इतके निघतात की त्यांचे कोणी भय घातले असते तर लोकांनी खाणीवर जाऊन फुकट उचलले असते.

दादा येत नव्हता त्या दिवसांत मी विहारातल्या वाचनाचे एक जुने टिपण काढून पाहिले. वर्षावासात एकदा दीघनिकायातले पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त वाचले होते. त्यात भगवंतांनी पोट भरण्याच्या हलक्या विद्यांची मोठी यादी दिली आहे. रत्नांची लक्षणे सांगून उपजीविका करणे हे त्या यादीत आहे. मूळ शब्द मणिलक्खण. वस्त्राची, काठीची, तलवारीची लक्षणे सांगणारेही त्यात आहेत. ग्रहणाची, ताऱ्यांची भाकिते करणारे आहेत. म्हणजे हे दुकान त्या काळीही उघडे होते. काही लोक श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन या विद्यांवर जगतात, श्रमण गौतम त्यांपासून दूर राहतो, असे ते सुत्त सांगते.

पण म्हणून आपल्या पूर्वजांना रत्नांचा तिटकारा होता असे नाही. इथे मला माझ्याच जिल्ह्याचा इतिहास सांगावासा वाटतो. आज सोपारा पालघर जिल्ह्यात गेले, पण 2014 पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. नालासोपाऱ्याला एक मोठा उंचवटा होता. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. तो स्तूप आहे हे कोणाच्या गावीही नव्हते. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्यात दगडी, दगडीत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या करंड्यात सोन्याचा. सोन्याची फुले होती. आणि सगळ्यांच्या आत, सोन्याच्या करंड्यात काय होते? मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. या वस्तू पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या.

त्या पाच करंड्यांचा क्रम मी कितीदा मनात घोळवला आहे. स्फटिक म्हणजे शुद्ध गारगोटीच, दोन्ही एकाच द्रव्याचे. त्या स्फटिकाला सोन्याच्या लगतची जागा. आणि सोन्याला जागा खापराच्या बाहेर.

त्या काळी खड्यांचा व्यापारही इथे चांगलाच होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार दगड गाड्यांनी भडोचला जात असल्याचे लिहिले आहे आणि कल्याण बंदराचेही नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत कल्याणचा सामिदत नावाचा एक सोनार आहे आणि सोपाऱ्याचा नागपालित नावाचा एक मणिकार आहे. मणिकार म्हणजे खडे घडवणारा, विकणारा. आमच्याच धंद्यातला माणूस. भिक्खूंना पिण्याचे पाणी साठवायला टाके खोदून दे, असे त्या लोकांना वाटले. मी कान्हेरीला गेले की डोंगरातल्या त्या टाक्यांत वाकून पाहते.

उत्तर प्रदेशात पिप्रहवा येथे 1898 मध्ये असाच स्तूप उघडला गेला. शाक्यांनी बुद्धांच्या अस्थींसोबत ठेवलेली अठराशेहून अधिक रत्ने, मणी आणि सोन्याची पाने तिथे मिळाली. माशाच्या आकाराची मूठ असलेला स्फटिकाचा करंडा त्यातलाच, तो कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. काही रत्ने मात्र जमीनदार इंग्रज पेपे यांच्या घराण्याकडे राहिली. ती 2025 च्या मे महिन्यात हाँगकाँगला लिलावात निघाली होती. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि त्याच वर्षीच्या जुलैत ती रत्ने भारतात परत आली. टीव्हीवर ती पाहताना दादा माझ्या शेजारी बसला होता. पण ते फार पुढचे झाले.

बुद्धपौर्णिमेला आबांनी स्वतः दादाला बोलावणे धाडले. आबा माझ्याकडेच राहतात. आबांचा शब्द दादा मोडत नाही. तो आला. मी त्याला म्हटले, "दादा, त्या दिवशी माझं चुकलं. पोरांपुढं तसं बोलायला नको होतं." तो काही बोलला नाही. खीर खाऊन झाल्यावर त्याने अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली. "तुझं भिंग आहे ना? तूच बघ. खरा आहे का सांग."

माझ्या हाताला घाम सुटला. मी काचेच्या वाटीत पाणी घेतले, वाटीखाली पांढरा कागद ठेवला, खडा पाण्यात बुडवला आणि भिंग डोळ्याला लावले. पाण्यात बुडवला की खड्याच्या अंगावरची चमक कमी होते आणि आतले दिसते. जमिनीत वाढलेल्या नीलमात रंगाचे पट्टे सरळ असतात, कोनात वळलेले असतात, कधी आत रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया दिसतात. दादाच्या खड्यात पट्टे होते, पण कमानीसारखे वाकलेले. ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारखे. आणि एका कडेला दोन बारीक बुडबुडे.

हे वाकडे पट्टे ज्याने पाहिले आहेत त्याला दुसरे काही विचारावे लागत नाही. ऑगस्त व्हेर्नय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1902 मध्ये माणिक बनवण्याची युक्ती जगापुढे मांडली. अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची भुकटी हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. दोन हजार अंशांहून जास्त उष्णतेत ती वितळते आणि खालच्या कांडीवर थेंबाथेंबाने साचून काही तासांत बाटलीसारखा स्फटिक तयार होतो. थर गोलाकार साचतात, म्हणून पट्टे वाकडे. भुकटीत किंचित क्रोमियम घातले की माणिक, लोखंड आणि टिटॅनियम घातले की नीलम. जमिनीतल्या नीलमातही नेमकी तीच द्रव्ये असतात. घड्याळात पूर्वी "17 ज्वेल्स" लिहिलेले असे, ते ज्वेल म्हणजे हेच बनवलेले माणिक. असा सव्वापाच रत्तीचा निळा खडा बाजारात दोन-चारशे रुपयांना मिळतो.

"काच आहे का?" दादाने विचारले.

"काच नाही. नीलमच आहे. पण भट्टीत बनवलेला."

"म्हणजे खरा का खोटा?"

याचे उत्तर मला पटकन देता आले नाही. वहिनीने मात्र नेमके ओळखले. तिने कानाच्या पाळीला हात लावला. "म्हणजे फुलं गेली म्हणायची," ती म्हणाली.

आबा कॉटवर बसून ऐकत होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येते, म्हणून सगळे मोठ्याने पुन्हा सांगावे लागले. नीलम आणि माणिक एकाच दगडाचे, हे मी सांगू लागले. त्या दगडाला आपल्याकडे कुरुंद म्हणतात. इंग्रजीतले कोरंडम हे नाव आपल्याच देशातल्या शब्दावरून तिकडे गेले. हिऱ्याच्या खालोखाल कठीण. मोहस नावाच्या जर्मन माणसाने 1812 मध्ये कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी सांगितली, तिच्यात हिरा दहाव्या पायरीवर, कुरुंद नवव्या, गारगोटी सातव्या आणि काच साडेपाचच्या आसपास.

"कुरुंद?" आबा म्हणाले. "धार लावायचा कुरुंद?"

"तोच आबा."

"अगं मग चाकाचा दगुड!"

आबा 1968 ते 2001, तेहतीस वर्षे अंबरनाथच्या एका कारखान्यात टूल रूमला ग्राइंडर होते. तिथले घासण्याचे चाक म्हणजे कुरुंदाची बनवलेली भुकटी दाबून, भाजून केलेले चाक. पोलादाची हत्यारे घासायला पांढरे आणि गुलाबी चाक. गुलाबी चाकाचा रंग क्रोमियमचा. माणकाला लाल करणारे तेच क्रोमियम. कार्बाइडची टीप घासायला हिरवे चाक. ते सिलिकॉन कार्बाइडचे, आणि त्याचाच स्वच्छ स्फटिक हल्ली मोइसनाइट या नावाने हिऱ्याऐवजी अंगठ्यांत बसवतात. चाक खडबडीत झाले की ते सारखे करायला टोकाला हिरा बसवलेले हत्यार लागे. कामगार त्याला नुसते डायमंड म्हणत. आबा शिफ्टच्या सुरुवातीला सही करून स्टोअरमधून डायमंड घेत आणि शिफ्ट संपली की परत देत. हे सगळे मला तुकड्यातुकड्याने माहीत होते. आबांचे चाक आणि माझ्या पुडीतले खडे एकाच जातीचे, हेही माहीत होते. पण आबांना मी ते कधी सांगितले नव्हते. सांगण्यासारखे आहे असे वाटलेच नव्हते.

आबा उठले. मोरीजवळच्या डब्यातून त्यांनी फुटलेल्या गुलाबी चाकाचा एक तुकडा आणला. निवृत्त होताना त्यांनी भंगारातून मागून घेतला होता. त्यावर आमची विळी आणि शेजारच्या चार घरांच्या विळ्या धारदार होत आल्या आहेत. तो तुकडा त्यांनी अंगठीशेजारी ठेवला आणि दोन्हींकडे बराच वेळ पाहिले.

"मग तेहतीस वर्सं शनीच व्हता म्हणायचा माझ्या हातात," आबा म्हणाले. "माझं काय वाकडं केलं त्यानं? आन् चांगलं तरी काय केलं?"

दादा हसला. त्या घरात दोन महिन्यांनी तो हसला. मग आबांना खोकल्याची उबळ आली. घासण्याची धूळ त्यांच्या छातीत आहे. खंभातला अकीक घासणाऱ्या कामगारांना दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, हे मी वाचले आहे. आबांना डॉक्टरांनी दम्याचे औषध दिले आहे. शनीने नसेल केले, चाकाने केले.

त्या रात्री दादा मुक्कामाला राहिला. गच्चीवर बसून आम्ही पुष्कळ बोललो. मी त्याला म्हटले, "तू मला साडेसातीचा हिशेब सांग." शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे. आपली रास, तिच्या आधीची आणि तिच्या नंतरची, मिळून साडेसात. "मग बारा राशींपैकी तीन राशी कायम साडेसातीत," मी म्हटले. "दर चार माणसांत एक. तुमच्या गल्लीत जीन्सवाले बंद झाले, तेव्हा चारातला एकच घरी बसला का?"

"सगळेच बसले," तो म्हणाला.

राहू-केतू तर ग्रहच नाहीत, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू आहेत. त्यांनासुद्धा खडे दिले. आणि युरेनस 1781 मध्ये सापडला, नेपच्यून 1846 मध्ये, ते खरेखुरे ग्रह असून त्यांच्या वाट्याला नवरत्नांतला एकही खडा आला नाही. हे ऐकून दादा म्हणाला, "त्यांचेही काढतील दुकानवाले." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला कळत नव्हतं असं समजू नकोस. कळत होतं. पण सहा महिने कोणी 'अमुक कर, मग काम लागेल' असं सांगितलंच नव्हतं. त्याने सांगितलं." यावर मला बोलता आले नाही. मी तरी त्या सहा महिन्यांत त्याला काय सांगितले होते?

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे त्या दुकानात गेलो. पावतीवर फक्त "नीलम खडा 1 नग" असे लिहिले होते. नैसर्गिक हा शब्द कुठेच नव्हता, प्रयोगशाळेचा दाखला नव्हता. भगिनींनो, कोणताही महागाचा खडा घेताना पावतीवर नैसर्गिक की कृत्रिम हे लिहून घ्या आणि तपासणीचा दाखला मागा. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळांत खडे तपासून मिळतात. तासभर वाद झाला. मी वाकड्या पट्ट्यांचे सांगितल्यावर दुकानदाराचा आवाज खाली आला. उरलेले चार हप्ते त्याने सोडले. अंगठी परत घेऊन पैसे द्यायला मात्र तयार झाला नाही. "उतरवलेला नीलम दुसऱ्या कोणी घेत नाही, बाई," तो म्हणाला. म्हणजे 14 हजार गेले ते गेलेच. वहिनीने एका मेससाठी पोळ्या लाटायला सुरुवात केली आणि तिने स्वतःच त्या वर्षीच्या दिवाळीनंतर फुले सोडवून आणली. दादाला बदलापूरच्या एका गोदामात रात्रपाळी मिळाली, ती अंगठी काढल्यावर आठ महिन्यांनी.

अंगठीची चांदी मोडली. खडा आबांच्या स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात पडून होता. मे महिन्याच्या सुटीत दादाचा धाकटा आला, तेव्हा त्याने आबांना विचारले, की नववी पायरी साडेपाचव्या पायरीला ओरखडते हे खरे का? आबांनी पकडीत खडा धरून त्याच्या हाती दिला. पोराने आमच्या मागच्या खिडकीच्या काचेवर आपले नाव लिहायला घेतले. तिसरे अक्षर होईपर्यंत मी धावत गेले आणि खडा काढून घेतला. काच बदलायचे आबा नको म्हणतात. सकाळी ऊन आले की ती अडीच अक्षरे समोरच्या भिंतीवर उमटतात.